धावफलकाबाहेरचे खेळाडू

सॅमी वुड्स कोण, असं अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर उभं राहून विचारलं, तर उत्तर मिळायचं नाही. क्रिकेटचे जुने आकडे तोंडपाठ असलेला एखादा निवृत्त मास्तर भेटला तर गोष्ट वेगळी. तरीही वऱ्हाडातल्या खेळाडूंवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना मी त्याच्यापासूनच सुरू करतो आहे. आपल्याकडच्या माणसांचं काय झालं, हे समजून घ्यायला हा परका गडी फार उपयोगी पडतो.

सॅम्युएल मोझेस जेम्स वुड्स १८६७ साली सिडनीच्या अ‍ॅशफील्ड भागात जन्मला. शिकायला घरच्यांनी इंग्लंडला पाठवला; आधी ब्रायटन कॉलेज, मग केंब्रिज. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला, तेव्हा केंब्रिजात शिकणारा हा आडदांड वेगवान गोलंदाज त्यांनी आपल्यात ओढून घेतला आणि तो ऑस्ट्रेलियाकडून ३ कसोटी सामने खेळला. दोन वर्षांनी तोच पठ्ठ्या इंग्लंडकडून रग्बी खेळू लागला. १८९० ते १८९५ या काळात १३ आंतरराष्ट्रीय सामने, त्यांतल्या काही सामन्यांत कर्णधार. पुढे १८९५-९६ च्या हंगामात तो इंग्रजांच्या संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला आणि या खेपेला इंग्लंडकडून ३ कसोटी खेळला. म्हणजे दोन देश आणि दोन खेळ. केंब्रिजकडून १८९० मध्ये एका डावात ६९ धावा देऊन त्याने दहाच्या दहा बळी घेतले. वेग ओसरला तसा तो फलंदाज झाला आणि १८९५ मध्ये ससेक्सविरुद्ध २१५ धावा काढून बसला. सॉमरसेट परगण्याचं कर्णधारपद त्याच्याकडे १८९४ पासून १९०६ पर्यंत होतं. तो ‘हौशी’ खेळाडू म्हणवला जाई, पण पोटासाठी त्याच परगणा-क्लबाचा चिटणीस होऊन पगार घेई. हौशीपणाची ही इंग्रजी व्याख्या जरा सैलच होती, आणि तिच्यावर तिकडे कुणी फारसं बोट ठेवलं नाही.

या माणसाच्या रग्बीचा हिंदुस्थानशी एक गमतीदार धागा आहे. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ च्या सुमारास गुंडाळायची वेळ आली, तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवून लंडनला पाठवून दिला. चषकाला तीन मुठी आहेत, तिन्ही नागाच्या. झाकणावर हत्ती उभा. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी या ‘कलकत्ता कप’साठी भिडतात. वुड्स स्कॉटलंडविरुद्ध उतरला तो याच नागमुठीच्या चषकासाठी. चांदी आपल्या बाजारातली, खेळ मात्र आपल्या बाजारात कधी फारसा उतरला नाही. मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या जिमखान्यांपलीकडे रग्बीला पुष्कळ वर्षं वाट फुटली नाही.

वुड्ससारखी माणसं तेव्हा इंग्लंड-ऑस्ट्रेलियात वरचेवर दिसत. सी. बी. फ्राय कसोटीत इंग्लंडचा कर्णधार झाला, देशाकडून फुटबॉल खेळला आणि लांब उडीत जागतिक विक्रमाशी बरोबरी करून मोकळा झाला. यात अंगच्या देणगीचा वाटा होताच. पण पंचांगाचाही होता. तिकडे क्रिकेट उन्हाळ्याचं आणि रग्बी-फुटबॉल हिवाळ्याचं. एक हंगाम संपला की पोशाख बदलायचा आणि त्याच मैदानावर दुसऱ्या रेघा आखायच्या. शिवाय शाळा-कॉलेजातून बाहेर पडलेल्या वर्गाला सवड होती. ज्याला सकाळी गिरणीत जायचं आहे, त्याला दोन खेळांचे दोन हंगाम परवडत नसत.

आता मुद्द्याकडे येतो. वुड्सने एका दुपारी केलेली गोलंदाजी आपण आज, १३० हून अधिक वर्षांनंतर, अकोल्यात बसून आकड्यानिशी सांगू शकतो. तिथे दर चेंडूला वहीत खूण करणारा माणूस बसला होता, दुसऱ्या दिवशी ती वही वर्तमानपत्रात उतरली आणि वर्षअखेरीस वार्षिकात छापली गेली. त्याच काळात आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आपल्याकडे एकाच देहात चार-पाच खेळ मुरवलेली माणसं झाली, गावोगाव झाली. त्यांची कारकीर्द सांगायला बसलं की हाताला लागतात ती एखाद-दोन संस्थांची नावं, आणि ‘लय दमाचा गडी होता बाप्पा’ हे वाक्य. पुढच्या पानांचा विषय ही माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्यांचं कर्तृत्व कमी नव्हतं. ते ज्या प्रकारात मोडत होतं त्या प्रकाराला धावफलकच नव्हता.

वऱ्हाडात या कथेचं ठाणं म्हणजे अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावतीकरांच्या तोंडी ‘हव्याप्र’. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते १९१४ साली काढलं. साल ध्यानात ठेवण्याजोगं आहे. त्याच वर्षी जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले, जुलैअखेर पहिलं महायुद्ध सुरू झालं, आणि त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम पहिल्यांदा रीतसर बांधले गेले. अमरावती तेव्हा निवांत गाव नव्हतं. १८९७ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरून गेलेलं, दादासाहेब खापर्ड्यांच्या घरी टिळकपक्षाची ऊठबस, कापसाच्या पेठेत पैसा खेळता. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलं गेलं होतं; कारभार नागपूरहून चाले, पण मन बरंचसं पुण्याकडे लागलेलं. अशा गावात मारुतीच्या नावाने आखाडा निघाला तर त्यात नवल नाही. नवल आहे ते त्यांनी आखाड्याचं पुढे काय केलं याचं.

आखाडा म्हणजे साधारणपणे कुस्ती. लाल माती, जोर, बैठका, एक वस्ताद आणि त्याचे पठ्ठे. हव्याप्रने कुस्तीच्या भोवती बाकीचं सगळं आणून बसवलं: मल्लखांब, लाठी, बोथाटी, फरीगदगा, लेझीम, जोडी, सूर्यनमस्कार, हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या. पुढे इंग्रजी वळणाचे खेळ आणि ड्रिलही. १९२० नंतर उन्हाळी वर्ग सुरू झाले. वऱ्हाडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला या वाक्याचा अर्थ निराळा सांगायला नको. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण शाळामास्तरांना सुटी तेव्हाच, म्हणून वर्गही तेव्हाच. ठिकठिकाणचे मास्तर यायचे, शिकायचे, आणि आपापल्या गावच्या शाळेत जाऊन पोट्ट्यांना तेच शिकवायचे. एकेका मास्तराबरोबर आठ-दहा खेळांचं गाठोडं गावात जाई. क्रिकेटचा क्लब गावात जातो तेव्हा एक खेळ जातो. इथे अख्खं दुकान जायचं.

मल्लखांबापाशी जरा थांबू, कारण बाकीचे खेळ त्याच्यातून कसे फुटतात ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुरलेला खांब सागाचा किंवा शिसवाचा, जमिनीवर साधारण अडीच मीटर, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला. वरच्या टोकाला बोंड, त्याखाली मान, मग सबंध अंग. त्यावर एरंडेल चोळलेलं, पकड सुटू नये म्हणून हाताला राळ. मुलाला पहिल्यांदा शिकवतात ती अढी: मांड्यांनी आणि पायांनी खांब असा आवळायचा की हात सोडले तरी देह खाली येऊ नये. पहिले काही दिवस मांडीची आतली कातडी लालबुंद होते. मग तेढी, बगली, दसरंग. दसरंगात खांद्याशी पकड घेऊन पाय वर फेकायचे आणि उलटं होऊन पायांनी खांब धरायचा. त्या झोकात डोकं क्षणभर जमिनीकडे असतं आणि नजर कुठे ठेवायची हे वस्ताद आधी सांगून ठेवतो. मग फिरकी, सुईदोरा, वेल. शेवटी उतरती.

हे अंगवळणी पडलेला मुलगा संध्याकाळी हुतूतूला उतरला की त्याच्या पायांत अढी असतेच. चढाई करणाऱ्याचा घोटा त्याने एकदा धरला की सुटत नाही. तोच खो-खोला बसला की उठण्यातला झटका दसरंगातून आलेला. आट्यापाट्यांत नऊ पाट्या आणि मधली सूरपाटी चुकवत जाताना लागतो तो कमरेचा लवचिकपणा फिरकीतला. लाठी फिरवणाऱ्याचं मनगट तयार होतं, आणि बॅट हातात आली तर ते मनगट तिथेही बोलतं. जुन्या शिक्षकांचा हिशोब असा की खेळ आठ असले तरी देह एक आहे, तेव्हा आधी देह तयार करा. खेळ त्यातून निघतील. तिकडे वुड्सला त्याचे दोन खेळ ऋतूंनी वाटून दिले होते. इथे खेळांची वाटणी दिवसाच्या वेळांवर: पहाटे माती, मग खांब, दिवस कलला की मैदान.

या पद्धतीचं मी उगाच गुणगान गाणार नाही. तिची एक बाजू कच्ची होती. आठ खेळ येणाऱ्यांपैकी एखाद्यात कळस गाठणारे थोडेच निघत, आणि ‘सर्वांगीण’ या लाडक्या विशेषणाआड पुष्कळ सामान्य खेळ लपून जाई. शिवाय कुणापेक्षा कोण सरस, हे ठरवायची मुळात गरजच न वाटल्यामुळे नोंदीही झाल्या नाहीत. मल्लखांबाचा उत्तम संच पाहणारे वाहवा करत, वस्ताद पाठीवर थाप मारी, संपलं. त्या थापेचा सरासरी आकडा काढता येत नाही.

१९३६ चा उन्हाळा या सगळ्याला एका ठिकाणी आणतो. त्या वर्षी हिंदुस्थानातून खेळाडूंचे तीन वेगवेगळे जथे युरोपात गेले आणि तिघांचं नशीब तीन तऱ्हेचं निघालं.

पहिला क्रिकेटचा, विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या कप्तानीखाली इंग्लंडला. त्या संघात नागपूरच्या मैदानावर वाढलेले सी. के. नायडू होते. दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या जिमखान्यावर एम.सी.सी.विरुद्ध ११ षटकार मारून १५३ धावा काढल्यापासून त्यांचं नाव घराघरात पोचलेलं. कोटा रामस्वामी होते. १९२२ मध्ये डेव्हिस चषकात टेनिस खेळून आलेले, आणि या दौऱ्यात वयाच्या चाळिशीत पहिली कसोटी खेळून मँचेस्टरला ४० आणि ६० धावा काढणारे. आणि मद्रासचे एम. जे. गोपालन होते. रणजी करंडकाचा अगदी पहिला चेंडू १९३४ मध्ये टाकला तो यांनी. हॉकीतही ते तितकेच वरचे. १९३५ मध्ये ध्यानचंद यांच्या संघातून न्यूझीलंडचा दौरा करून आलेले. १९३६ मध्ये त्यांच्यापुढे एकाच वेळी दोन दारं उघडली: क्रिकेटचा इंग्लंड दौरा आणि बर्लिन ऑलिम्पिकची हॉकी. त्यांनी क्रिकेट निवडलं. इंग्लंडमध्ये त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

दुसरा जथा हॉकीचा. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीला ८-१ असं हरवून त्यांनी सुवर्णपदक आणलं. गोपालन यांच्या त्या निवडीबद्दल क्रिकेटवाले आणि हॉकीवाले अजून हळहळतात. पण इतिहासाच्या दृष्टीने गोपालन यांचं काही बुडालं नाही. त्यांची एक कसोटी, त्यांचा पहिला चेंडू, त्यांची चुकलेली गाडीसुद्धा नोंदलेली आहे. चुकलेली संधी नोंदली जायलाही आधी वही लागते.

तिसरा जथा अमरावतीचा. डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली हव्याप्रची मंडळी ऑलिम्पिकच्या निमित्ताने बर्लिनला गेली आणि तिथे त्यांनी मल्लखांब, कबड्डी, खो-खो असे देशी खेळ करून दाखवले. कबड्डीच्या कुठल्याही इतिहासात हे एक वाक्य असतंच. बहुतेक ठिकाणी ते तेवढंच असतं. पुढचं वाक्य एकदम १९३८ च्या कलकत्त्याच्या भारतीय ऑलिम्पिकवर उडी घेतं, तिथून १९५० च्या अखिल भारतीय महासंघावर आणि तिथून १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकावर. म्हणजे ज्या देशी खेळाची पहिली मोठी परदेशवारी वऱ्हाडातल्या मुलांनी केली, त्याच्या इतिहासात वऱ्हाडाच्या वाट्याला एक ओळ येते, आणि त्या ओळीत खेळाडू अनेकवचनी असतो. हॉकीच्या अंतिम सामन्यात गोल कुणी केले ते लोक सांगतात. खांबावर उलटा कोण झाला, चढाई कुणाची, खो कुणी दिला, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण ते ‘प्रात्यक्षिक’ होतं. प्रात्यक्षिकात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही; पाहुणे टाळ्या वाजवतात आणि कार्यक्रमपत्रिकेतला पुढचा विषय सुरू होतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. बर्लिनचं नाव निघालं की आपल्याकडे हिटलर-कथा सुरू होतात. ध्यानचंदांना त्याने लष्करात मोठी जागा देऊ केली, अमकं म्हणाला, तमकं म्हणाला. या कथा चवीने सांगितल्या जातात, त्यांना आधार मात्र बेताचाच असतो. ते ऑलिम्पिक नाझी राजवटीने स्वतःची शोभा वाढवायला भरवलं होतं आणि देशोदेशीच्या रंगीत, निरुपद्रवी कवायती त्या शोभेत छान बसत होत्या. अमरावतीच्या मुलांचं कसब त्यामुळे उणं ठरत नाही. पण तिथली शाबासकी मिरवायला काढण्याचंही कारण नाही. त्यांच्या खेळाची कसोटी त्या प्रेक्षागृहात नव्हतीच. ती त्यांच्या खांबावर होती.

१९४९ मध्ये हव्याप्रची मंडळी पुन्हा बाहेर गेली, स्टॉकहोमच्या लिंगियाडला. स्वीडिश व्यायामपद्धतीचा जनक पेर हेन्रिक लिंग याच्या नावाने भरलेला तो जगभरच्या व्यायामपटूंचा मेळावा. या वेळी स्वतंत्र देशाचे म्हणून गेले, एवढा फरक महत्त्वाचा. मेळावा मात्र पुन्हा प्रात्यक्षिकांचाच.

ज्यांनी एकापेक्षा जास्त खेळ गाजवले आणि ज्यांची नोंदही राहिली, असे मराठी खेळाडू बहुतेक मोजणाऱ्या खेळांतले आहेत. खंडू रांगणेकर क्रिकेटमध्ये १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ३ कसोटी खेळले आणि बॅडमिंटनमध्येही त्यांचं नाव होतं. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. कुमार गटाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी त्यांना मिळाला. नाटेकरांची हकिगत वाचताना मला नेहमी वाटतं की अनेक खेळांच्या युगाची ती अखेरची वेस असावी. दुसरा खेळ त्यांनी घेतला तो पहिला सोडून. त्यानंतर एकाच खेळात उतरायचं आणि तिथेच राहायचं, हा रस्ता पक्का झाला.

त्याची कारणं चटकन सांगून होतात. खेळांना नियम आले, नियमांमागून स्पर्धा आल्या, स्पर्धांमागून संघटना. हुतूतूचे नियम १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडे बांधले गेले, १९२३ मध्ये बडोद्याला छापले गेले. पुढे त्याच खेळाची कबड्डी झाली आणि महासंघ झाला. संघटनेला आपला खेळाडू पूर्ण वेळ हवा असतो, त्यात गैर काही नाही. मग सरकारी क्रीडा प्रबोधिनी आल्या, त्याही एकेका खेळाच्या, अकोल्याला मुष्टियुद्ध. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. ही दोन्ही कामं प्रमाणपत्रावर होतात, आणि प्रमाणपत्र एका खेळाचं असतं. ‘माझा मुलगा मल्लखांब, खो-खो आणि लाठी तिन्ही बरं करतो’ या वाक्याला साहेबाच्या टेबलावर किंमत नाही. बापाने मुलाला एकाच खेळाला जुंपलं तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सोयाबीन-कापसाचा भाव ज्याने सोसला आहे, त्याला कागदाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

मोजणाऱ्या खेळात वऱ्हाडानेही उशिरा का होईना हात दाखवला. रणजी करंडकाच्या पहिल्याच मोसमात, १९३४-३५ मध्ये, ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असा संघ होता. विदर्भ या नावाने १९५७-५८ पासून. त्यानंतर साठ वर्षं तळाशी काढून २०१७-१८ मध्ये विदर्भाने करंडक जिंकला, पुढच्याच वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला. अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाच्या सलामीला येतो. यांच्या एकेका चेंडूचा हिशोब जगात कुठूनही फोनवर पाहता येतो. या मुलांचं कौतुक आहेच. पण त्यांच्याच जिल्ह्यात, त्यांच्या पणजोबांच्या पिढीत, जो माणूस पहाटे कुस्ती, सकाळी खांब आणि संध्याकाळी हुतूतू करत होता, त्याच्याबद्दल आपल्याकडे त्या फोनमधल्या एका षटकाइतकाही मजकूर नसावा, हे टोचतं. पुढची पानं त्या टोचणीतून लिहिली गेली आहेत.

वाचकाने या पानांकडून काय अपेक्षा ठेवावी तेही सांगतो. इथे विक्रमांची कोष्टकं मिळणार नाहीत. ‘सर्वश्रेष्ठ कोण’ याचा निवाडा नाही. इथे माणसाची कारकीर्द तालमीपासून सुरू होते: वस्ताद कोण, कोणता खेळ आधी, कोणता त्यातून फुटला, शेतीच्या कामाने किंवा नोकरीच्या बदलीने तो कधी थांबला. कापसाची वेचणी सुरू झाली की संध्याकाळची हजेरी का पडते, नागपंचमीला मातीत गर्दी का होते, पोळ्यानंतर मैदान का भरतं, हे कळल्याशिवाय वऱ्हाडातल्या खेळाडूचा हंगाम कळत नाही. वुड्सला क्रिकेट संपलं की रग्बी होती. आपल्या गड्याला पेरणी होती.

आणि हे सगळं आता कशाला उकरायचं, असं विचारणाऱ्यांसाठी पुन्हा एका ऑस्ट्रेलियनाचीच गोष्ट. ऑटो नॉथलिंग हा क्वीन्सलंडचा डॉक्टर. १९२८ मध्ये डॉन ब्रॅडमनला पहिल्या कसोटीनंतर संघातून वगळलं, तेव्हा सिडनीच्या कसोटीत त्याच्या जागी आला तो हा. पुढच्या कसोटीला ब्रॅडमन परत आला आणि नॉथलिंगची क्रिकेट-कारकीर्द एका सामन्यावर थांबली. रग्बीत तो मागच्या फळीचा आधारस्तंभ होता. पण १९२० च्या दशकात क्वीन्सलंडमधली रग्बी बंद पडलेली, देशाचा असा संघच उभा राहत नव्हता, आणि नॉथलिंग खेळला ते सामने न्यू साउथ वेल्स राज्याच्या नावाने झाले. पुष्कळ वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या रग्बी मंडळाने त्या काळातल्या त्या सामन्यांना देशाच्या कसोटी सामन्यांचा दर्जा बहाल केला. कालपर्यंत राज्याचा खेळाडू असलेला नॉथलिंग आज १९ कसोटींचा रग्बीपटू म्हणून यादीत आहे. संघाची यादी, तारीख, मैदान आणि गुण कागदावर होते, म्हणूनच मागाहून दर्जा देता आला.

हव्याप्रच्या १९३६ आणि १९४९ च्या वाऱ्यांना उद्या कुठल्या मंडळाने काही दर्जा द्यायचा म्हटलं, तर आधी माणसं नावानिशी उभी करावी लागतील. तो कागद मोठ्या दप्तरांत जितका सापडेल, तितकाच घराघरांत सापडेल. अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूर इथल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबा हव्याप्रच्या उन्हाळी वर्गाला गेल्याचं बोललं जातं, त्यांनी जुनी ट्रंक एकदा उघडावी. सामूहिक फोटो असेल तर मागची बाजू पाहावी. त्या काळी नावं पेन्सिलीने मागेच लिहीत. वर्गाचं प्रमाणपत्र असेल तर त्यावरची खेळांची यादी जशीच्या तशी उतरवावी, क्रमही बदलू नये. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर त्यांना ‘आजोबा कोणता खेळ खेळत’ असं न विचारता ‘आधी कोणता शिकले, मग कोणता’ असं विचारावं. उत्तर लांबतं आणि कामाचं निघतं. मूळ कागद कुणाला देऊन टाकू नये, त्याचा फोटो काढावा. नाव, गाव, वस्तादाचं नाव आणि साल, एवढे चार रकाने भरले तरी पुढच्या आवृत्तीत त्या माणसाला स्वतंत्र पान देता येईल.